खुनी आधी सांगणाऱ्या आंटी

“खुनी कोण ते आधीच सांगून टाकते, म्हणजे तुम्ही नीट ऐकाल,” असं म्हणून आंटी चष्मा पुसायच्या आणि गोष्ट सुरू करायच्या.

खोताच्या वाडीत आमच्या समोरच्या लाकडी घरात त्या एकट्या राहत. फोर्टातल्या एका कचेरीत टायपिस्ट होत्या. रविवारी दुपारी आम्ही बायका त्यांच्या पायऱ्यांवर जमायचो आणि त्या इंग्रजी रहस्यकथा मराठीत सांगायच्या. इंग्लंडातलं खेड्याबाहेरचं मोठं घर, बाहेर बर्फ, आत पाहुणे, आणि सकाळी पुस्तकांच्या खोलीत यजमान मरून पडलेले. तुम्ही विचाराल, खुनी आधीच कळल्यावर मजा ती काय? पण आंटी त्या माणसाच्या मनात अशा शिरायच्या, की तो सापडू नये असं वाटायला लागायचं. शेजारच्या कुसुमताई एकदा विष घालणाऱ्या एका म्हातारीसाठी चक्क रडल्या होत्या.

ते संयुक्त महाराष्ट्राचे दिवस. कुसुमताईंचा वसंता कॉलेज सोडून चळवळीत पडला होता. त्याच्यावर वॉरंट निघालं, तेव्हा वाडीनं त्याला एका माळ्यावर लपवलं. एका सकाळी पोलीस आले आणि कोणालाही न विचारता थेट त्या माळ्यावर चढले. पोराच्या अंगाला हात लावू नका, असं विनवत आंटी इन्स्पेक्टरबरोबर नाक्यापर्यंत गेल्या. लोकांनी एवढंच पाहिलं, की त्या पोलिसांशी इंग्रजीत बोलत होत्या.

पुढच्या रविवारी पायऱ्यांवर मी एकटीच. दारावर कोणीतरी डांबरानं ‘फितूर’ लिहिलं होतं.

“पोलिसांना खरी खबर कोणी दिली, ते तुम्हाला ठाऊक आहे,” मी म्हटलं.

“आहे. पण हे पुस्तक नाही, बाय. त्या माणसाला उद्या सकाळी चारचौघांसमोर नळावर जायचंय.”

थोड्याच दिवसांत मोर्चावर गोळीबार झाला. वसंताचा जिवलग मित्र त्यात गेला. वसंता तुरुंगात होता, म्हणून वाचला.

पुढे तो सुटून आला. राज्य झालं, पेढे वाटले गेले. आंटी नोकरी सोडून वसईला भावाकडे गेल्या आणि वर्षाच्या आत वारल्या. बातमी आली तेव्हा कुसुमताई माझ्या स्वयंपाकघरात येऊन बसल्या.

“पोलिसांना मी सांगितलं होतं,” त्या म्हणाल्या.

पोरगा बाहेर राहिला तर गोळी खाईल, आत गेला तर निदान जगेल, एवढंच त्या आईला सुचलं होतं. आंटींनी ते दुसऱ्याच दिवशी ओळखलं होतं, आणि वसंताला कधी कळू देऊ नका, असं बजावलंही होतं.

वसंताला घेऊन आम्ही दोघी वसईला गेलो. दफनभूमीच्या फाटकाशी कुसुमताईंनी देवळाबाहेर काढाव्यात तशा चपला काढल्या. ताज्या मातीपाशी उभ्या राहून त्यांनी लेकाला सगळं सांगितलं. वसंता वळला आणि चालू लागला. तो गेलाच, असं आम्हाला वाटलं.

थोड्या वेळानं तो फाटकाकडून परत आला. हातात आईच्या चपला होत्या. त्या तिच्या पायांशी ठेवत म्हणाला, “घाल. जमीन तापलीय.”