धरलेली जागा

कुंभारीच्या हरिबाला फुटबॉलचं वेड आहे म्हटलं की लोक आधी हसतात. सोलापुरातल्या टॉवेल कारखान्यात घड्या घालणारा बावन्न वर्षांचा माणूस. त्यानं फार तर क्रिकेटचा स्कोअर विचारावा! पण हरिबा तरुणपणी गोलकीपर होता, आणि ते वेड काही अंगातून गेलं नाही. कारखान्यात त्याच्या जोडीला एकच वेडा होता, अक्कलकोटकडचा अमरेश. दोघांनी पंचवीस वर्षं एकाच टेबलाशी समोरासमोर उभं राहून घड्या घातल्या.

सुट्टी मिळाली की दोघं पहाटेची एसटी धरून कोल्हापूरला सामने बघायला जात. कामं वाटलेली होती. अमरेशनं तिकिटं काढायची आणि मैदानाचं दार उघडलं की हरिबानं पुढं पळून जागा धरायची. त्यासाठी निळ्या काठाचा, डाग पडून बाद झालेला एक टॉवेल ठरलेला होता. टॉवेल पसरला की जागा आपली. मग खुशाल चहाला जा, लघवीला जा. कुणी चुकून बसलंच असेल तर टॉवेल बघून गुमान उठायचं. हा कायदा कुठं लिहिलेला नव्हता, पण सगळ्यांना पाठ होता.

तीन वर्षांपूर्वी हरिबाची बायको गिरिजाबाई गेली. वर्षभरानं अमरेश निवृत्त झाला आणि हैदराबादला मुलाकडं राहायला गेला. टेबलापलीकडं आता कानात गाण्याचे बोळे घातलेला कुणी तरी नवा उभा असतो. हरिबा एकट्यापुरता भात लावतो आणि टीव्हीवर सामना बघतो. आपण किती एकटे पडलोय हे त्याला नेमकं गोल झाल्यावर कळायचं. ओरडायला तोंड उघडायचं, आणि घरात ऐकायला भिंतीवरचं घड्याळ तेवढं असायचं.

अशात बातमी आली. दोघांचा लाडका परदेशी संघ पुण्यात खेळायला येणार होता. हरिबानं लगेच फोन लावला.

"येतोस का?"

"तिकीट काढ की! न्हाय कोण म्हंतंय?" अमरेश म्हणाला.

झालं, हरिबाच्या अंगात दहा हत्तींचं बळ आलं. हैदराबादची गाडी सोलापूरवरूनच पुण्याला जाते. अमरेशनं त्यात जागा धरून यायचं, हरिबानं सोलापुरात चढायचं, सगळा बेत मनातल्या मनात पक्का झाला. दोन वर्षांत त्यानं मित्राचं तोंड पाहिलं नव्हतं.

तिकिटं मोबाइलवर मिळणार होती. कारखान्याच्या ऑफिसातल्या वैष्णवीनं त्याचं नाव, ईमेल सगळं भरून दिलं. दुपारी बाराला पडद्यावर अक्षरं उमटली: तुमच्या पुढे ४१,२०६ जण आहेत.

"काका, ही रांग आहे. आपोआप पुढं सरकते," वैष्णवी म्हणाली.

रांग म्हटल्यावर हरिबा निर्धास्त झाला. रांगेत त्याचं आयुष्य गेलं होतं. त्यानं निळ्या काठाचा टॉवेल फळीवर पसरला, त्यावर फोन ठेवला आणि शांतपणे जेवायला गेला. जागा धरलेली होती. ती कोण घेणार?

परत येऊन बघतो तर पडद्यावर दोन ओळी. तुमची पाळी येऊन गेली. दिलेली दहा मिनिटं संपली.

"पर मी जागा धरली हुती की!" तो वैष्णवीला म्हणाला. "मागच्यानं सांगायचं न्हाय का, हितं माणूस हाय म्हणून?"

"मागं कुणी नसतं हो काका," ती बिचारी हसून म्हणाली. हरिबाला मात्र हसू आलं नाही. एक्केचाळीस हजार माणसं, आणि 'जरा बघा हं' असं सांगायला त्यात एक तोंड नाही! असल्या रांगेला आग लागो.

त्यानं अमरेशला खरं ते सांगितलं. पुढच्या रविवारी उरलेली तिकिटं सुटणार होती, तेव्हा पुन्हा बघतो म्हणाला. अमरेश म्हणाला, "बघ बाबा."

रविवारी हरिबा दाराला कडी घालून बसला. पाण्यालासुद्धा उठला नाही. दारावर कुणी तरी दोनदा थापा मारल्या, त्यानं ओ दिली नाही. पुढं अठ्ठावीस हजार होते, मग नऊ हजार, मग दोनशे. पाळी आली तेव्हा खालचे सगळे स्टँड संपलेले. पैसे भरायला बँकेकडून येणारा ओटीपी नंबर लवकर येईना. शेवटी हिरवी खूण आली. वरचा स्टँड, सतरा आणि अठरा नंबर, शेजारी शेजारी. हरिबा एकटाच घरात "गोल!" म्हणून ओरडला आणि त्याच दमात त्यानं हैदराबादला फोन लावला.

"न्हाय मिळाली न्हवं?" अमरेशनंच आधी विचारलं, आणि उत्तराला न थांबता म्हणाला, "बरं झालं गड्या. खरं सांगू? मला येणं जमलंच नसतं. गुडघा लई दुखतोय, पोरगंबी सोडंना. तुला कसं सांगायचं, ह्याच घोरात हुतो बघ. सुटलो."

त्याचा आवाज इतका मोकळा झाला होता की हरिबाला मान्य करावंच लागलं, मित्र खरोखर सुटला होता. फोनवर सतरा आणि अठरा उघडेच होते.

"व्हय," हरिबा म्हणाला. "न्हाय मिळाली. लई गर्दी हुती."

मग दोघं थोडा वेळ गुडघ्याच्या तेलाबद्दल बोलले.

सामन्याला हरिबा गेला. सतरा नंबरवर बसला आणि शेजारच्या खुर्चीवर त्यानं टॉवेल पसरला. स्टेडियम खच्चून भरलेलं. नव्वद मिनिटांत ती जागा कुणीही मागायला आलं नाही.