भूत न दाखवणारा माणूस

वहिनींचा फोन आला तेव्हा मी मेहरूणच्या माझ्या खोलीत कुणाच्या तरी हळदीचं शूटिंग कापत बसलो होतो. नाना गेले, एवढंच त्या म्हणाल्या. पडद्यावर बायका नाचत होत्या, तो आवाज बंद करायचंही मला सुचलं नाही. त्याला आता महिना होत आला.

शिंदखेड्याचे नाना लग्नांची शूटिंग करून पोट भरायचे आणि उरलेल्या वेळात अहिराणीत भुताचे सिनेमे काढायचे. मी त्यांचा एडिटर, त्यांच्या बायकोला वहिनी म्हणायचो. मोबाइलवर बघणाऱ्यांना रक्त लागतं, म्हणून पहिल्याच सिनेमाला मी बादलीभर लाल रंग कालवून ठेवला होता. नानांनी तो मुकाट्याने मोरीत ओतला... "भूत दखाडू नको. ज्याले ते दखायनं, त्यानं तोंड दखाड." भूत नाही, ते बघणाऱ्याचा चेहरा दाखवायचा; बस, एवढीच त्यांची विद्या. रात्र, घुबड, स्मशान यांचा त्यांना भारी कंटाळा. त्यांची भुतं मे महिन्यातल्या टळटळीत दुपारी यायची. गल्लीत चिटपाखरू नाही, घरात सगळे निजलेले, कूलर घरघरतोय. तो आवाज ते इतका वेळ चालू ठेवायला लावायचे की बघणारा त्याला विसरून जाई. मग कूलर बंद. घडत काहीच नाही, नुसती जागी झालेली सून दाराकडे बघतेय. शिंदखेड्याच्या मंगल कार्यालयात तो सिनेमा दाखवला, तेव्हा नेमक्या त्याच क्षणी गावाची लाइट गेली. पडदा काळा, हॉलचे कूलरही थांबले. लोकांना वाटलं, हाही सिनेमाच. घामाने निथळत सगळे गप्प बसून राहिले, एकही उठला नाही. नाना दारात उभे राहून लाजल्यासारखे हसत होते.

मग त्यांच्या पोटात गाठ निघाली. धुळ्याच्या डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं, आणि वहिनींनी मला शपथ घातली की यांना कळू द्यायचं नाही. आपल्याकडे हे असंच करतात. अल्सर आहे म्हणून सांगतात... आम्हीही सांगितलं. आणि हे नाटक कुणापुढे, तर ज्याने आयुष्यभर माणसांचे चेहरे दाखवून लोकांना घाबरवलं त्याच्यापुढे! एका दुपारी वहिनी मेडिकलवर गेल्या होत्या. नाना माझ्याकडे बघत म्हणाले, "तुले माहीत शे. सांगी टाक." मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटले... "बरं झायं. पन माले माहीत शे, हाई तिले कळू देऊ नको."

त्या दिवसापासून त्यांनी वहिनींपुढे जो अभिनय केला, तो आमच्या कुठल्याच नटाला जमला नसता. दिवाळीत नवा सिनेमा काढू म्हणायचे, यंदा तुलाच भूत करतो म्हणून चिडवून त्यांना हसवायचे. त्या पोट धरून हसायच्या आणि आत ओट्यापाशी जाऊन रडायच्या. मला दोघांचंही माहीत. त्या घरात बसणं नको नको व्हायचं.

परवा शिंदखेड्याला गेलो. नानांच्या खोलीत खाट भिंतीला उभी करून ठेवलीय, टेबलावरच्या कॅमेऱ्यावर वहिनींनी टॉवेल पांघरलाय. चहा देताना त्यांनी विचारलं, यांना कळलं होतं का हो? नानांनी बजावलं होतं, ते आठवलं... पण आणखी खोटं बोलायचं बळ माझ्यात उरलं नव्हतं. मी होकारार्थी मान हलवली. वहिनी तिथेच खाली बसल्या. कॅमेऱ्यावरच्या टॉवेलकडे बघत म्हणाल्या,

"मंग माले कसाले हसाडेत?"