आईशेजारची जागा

देवाने मरण सगळ्यांना सारखं दिलं, पण पुरायची जागा माणसांनी वाटून घेतली. आणि वाटणी म्हटली की भांडण आलंच.

जुन्या दफनभूमीच्या राखणदाराला सगळे कुलूपराव म्हणत. पूर्वी कधीतरी शहरात साथ आली, तेव्हा घाईघाईने ही जमीन घेतली होती. पुढे शहर वाढत वाढत भिंतीला येऊन टेकलं आणि आतली जागा संपली. आता ज्या घराण्यांची जागा आधीपासून राखलेली, त्यांनाच तिथे प्रवेश; बाकीच्यांना शहराबाहेरची नवी दफनभूमी. कुलूपराव विळ्याने गवत काढायचा, ओल्या काथ्याने दगडांवरचं शेवाळ घासायचा आणि आत येणाऱ्या प्रत्येकावर खेकसायचा. "फुलं ठेवलीत ना? मग निघा. तुमचं माणूस काही पळून जात नाही."

त्याच्या आईचं थडगं अगदी कडेला होतं. तिच्या एका बाजूला वडील, दुसऱ्या बाजूला एका माणसापुरती रिकामी जागा, आणि लगेच भिंत. ती जागा त्याला हवी होती. नेमकी तीच त्याच्या धाकट्या भावाला हवी होती. धाकटा दगड घडवणारा. आईचा दगडही त्यानेच घडवलेला.

"आईचं दुखणंखुपणं मी काढलं," थोरला म्हणे.

"आणि तिच्या घरात फुकट राहिलास, ते कुणी काढायचं?" धाकटा म्हणे. त्यावरून जे बोलणं तुटलं, ते तुटलंच.

भावाने जागा बळकावू नये म्हणून कुलूपरावाने तिथे सरूचं रोप लावलं. झाडाखाली कोण खणणार? आपली वेळ जवळ आली की तोडून टाकू, असा त्याचा बेत. पण रोप त्याच्यावर वरताण निघालं. काही वर्षांतच मुळं आईच्या थडग्याखाली शिरली आणि दगड पुढे झुकला. नगरपालिकेचा मुकादम म्हणाला, "सरळ करून घ्या, नाहीतर आडवा करून भिंतीशी ठेवतो. कुणाच्या अंगावर पडायला नको." आणि शहरात दगड बसवणारा एकच होता.

धाकटा आला तो हसतच. "वा माळीबुवा! आईच्या उरावर झाड लावलंत!"

कुलूपरावाने दातओठ खात कुऱ्हाड उचलली. झाड तोडलं, मुळं उपसली. धाकट्याने तीन खांबांचं तिकाटणं उभं केलं, कप्पीतून दोर ओवला, दगड वर उचलला आणि दोराचं टोक थोरल्याच्या हातात दिलं. "घट्ट धर. सोडलास तर आईच्या नावाचे तुकडे."

दगड अधांतरी लोंबत राहिला. खाली धाकट्याने खड्डा भरला, धुमसाने ठोकून घट्ट केला आणि गाड्यावरची चौथऱ्याची फरशी पहारीने सरकवत आणली. ती आईच्या थडग्यावरून पुढे निघाली, ती थेट भिंतीपर्यंत.

"अरे, एवढी रुंद कशाला? माझ्या जागेवर येतेय!"

"तुझ्या? तुझ्या बापाची आहे का?"

"बाप एकच आहे आपला, गाढवा! थांब म्हणतो ना!"

"मग ये की थांबवायला. सोड दोर."

कुलूपरावाचे तळवे सोलवटले, तोंडातून शिव्यांची लाखोली चालली होती. दोर काही सोडवेना. एकदा बसवलेल्या चौथऱ्याखाली पुन्हा खणायचं नाही, हा तिथला नियम. तो मोडू पाहणाऱ्या कितीतरी जणांना त्यानेच फाटकाबाहेर काढलं होतं.

"आता तूही नाही आणि मीही नाही," ओळंबा लावत धाकटा म्हणाला. "कर खाली हळूच."

घरी आल्यावर कुलूपरावाने भावाचा उद्धार सुरू केला. बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. बराच वेळ ऐकून घेऊन तिने विचारलं, "जागा एकाचीच होती ना? मग मी कुठे जाणार होते?"

"तू? बघितलं असतं कुठेतरी."

"कुठेतरी!" तिने हातातला सदरा त्याच्या अंगावर भिरकावला. "देव भावजींचं भलं करो. जन्मभर सासूबाई आपल्या दोघांच्या मध्ये होत्या. मेल्यावरही तुम्ही आईच्या कुशीत आणि मी परक्या लोकांत, असं ठरवून बसला होतात होय? उद्या नव्या दफनभूमीत जाऊन शेजारशेजारच्या दोन जागा मागा. नाही मागितल्यात, तर मी जाते आणि एकच मागते. माझी."