पांढऱ्या दोऱ्याच्या गाठी

चिंचवड स्टेशनाजवळच्या औषधाच्या दुकानाबाहेर मी दोऱ्याला गाठी मारत उभी होते. आमचे शेजारी रहीमभाई सायकलवरून उतरले आणि म्हणाले, "वहिनी, घरी चला." एवढंच. माझ्या थोरल्या जाऊबाई, आमच्या अक्का, गेल्या होत्या...

पाच वर्षांपूर्वी माझ्या छातीत दुखणं शिरलं, तेव्हा डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन अक्काच दुकानं हिंडायच्या. मी चौथी शिकलेली, त्यांना अक्षर येत नव्हतं. पण अनोळखी माणसासमोर माझा आवाजच फुटत नसे. पहिल्या वेळी पिंपरी कॅम्पातल्या दुकानाचा भाव मी चिठ्ठीमागं लिहून ठेवला. स्टेशनाजवळच्या दुकानदारानं चिठ्ठी उलटून पाहिली आणि त्याहून फक्त एक आणा कमी सांगितला. बाहेर आल्यावर अक्का म्हणाल्या, "कागद त्यालाबी वाचता येतो. गाठ कोण वाचणार?" तेव्हापासून त्यांच्या कनवटीला दोन दोरे असत. लाल कॅम्पाचा, पांढरा स्टेशनाचा. रुपयाला दुहेरी गाठ, आण्याला साधी. औषधाचे भाव चढायचे, उतरायचे, म्हणून दर खेपेला जुन्या गाठी सोडून नव्या मारायच्या. मी दुकानाबाहेर उभी राहायची आणि आतून त्यांचा आवाज ऐकायची, "शेठ, ही लेकीवानी हाय माझी. नीट भाव सांगा." असं वर्षभर चाललं. मी बरी झाले.

यंदा अक्कांनीच अंथरूण धरलं. पाय सुजले, धाप लागायची. चिठ्ठी आणि दोरे त्यांनी माझ्या हातात दिले. मी कॅम्पात गेले, चिठ्ठी पुढं केली, दुकानदारानं भाव सांगितला. एक रुपया सहा आणे. मान हलवून चार दिवसांचं औषध घेतलं. स्टेशनाकडं पाय वळलेच नाहीत. वाटेत पांढऱ्या दोऱ्यालाही तेवढ्याच गाठी मारल्या.

अक्कांनी पडल्यापडल्या दोन्ही दोरे बोटांतून फिरवले.

"गंगू, दोन दुकानदारांचं कधी एकमत झालंय व्हय गं?"

मी औषध कोनाड्यात ठेवायला वळले.

"पांढरा दोरा तिकडं गेलाच न्हाई वाटतं." त्या हसल्या, मग खोकल्या. "किती लाजशील? मी काय जल्मभर पुरणार हाय? पुढल्या खेपेला विचार. तुज्या तोंडनं भाव ऐकायचाय मला."

पाचव्या दिवशी मी स्टेशनाजवळच्या दुकानात गेले. दुकानात तीन पुरुष होते. ते जाईपर्यंत थांबले, मग विचारलं. आवाज इतका बारीक निघाला की दुकानदार म्हणाला, "काय म्हणालात बाई?" पुन्हा विचारलं. एक रुपया चार आणे. मी बाहेर येऊन घाईघाईनं जुन्या गाठी सोडल्या आणि नव्या मारू लागले. आता घरी जाऊन सांगायचं, एवढंच मनात होतं. तेवढ्यात रहीमभाई आले.

महिना झाला. दोन्ही दोरे अक्कांच्या खुंटीवर आहेत. पांढऱ्याची शेवटची गाठ सैल राहिली आहे. रोज हात जातो, पण ओढवत नाही. ओढली की भाव पुरा होईल... आणि तो बोटांनी वाचणारं आता घरात कोणी नाही.