दोन फिल्म्स, एक नळी

कपाट उघडलं की जुन्या फिल्म्सचा आंबूस वास येतो आणि मला आमच्या पूनम सागर कॉम्प्लेक्समधला तो दवाखाना आठवतो. बाबांची अँजिओग्राफी वर्षाच्या अंतराने दोन वेगळ्या हॉस्पिटलांत झाली होती. आमच्या डॉक्टरांनी दोन्ही फिल्म्स ट्यूबलाइटसमोर शेजारी शेजारी धरल्या आणि म्हणाले, "अरे वा काका, गोळ्यांनी रक्तवाहिनी मोकळी होतेय! ऑपरेशनची घाई नको." बाबांनी पहिला पेढा त्यांनाच दिला, मग बिल्डिंगभर वाटले, आणि टँकर आला की पुन्हा बादल्या घेऊन चार मजले चढायला लागले. आई ओरडली तर म्हणायचे, "अगं, डॉक्टरने डोळ्यांनी बघितलंय." महिन्याभरात ते जिन्यातच गेले. नंतर मुंबईच्या मोठ्या डॉक्टरांना मी त्याच फिल्म्स दाखवल्या. "दुसऱ्या फिल्मचं मशीन वेगळं, म्हणून चित्र मोठं आलंय," ते म्हणाले. "तपासणीसाठी रक्तवाहिनीत घालतात ती नळी दोन्हीकडे एकाच मापाची असते. इथे तीपण जाड दिसतेय, बघा. नळी काय गोळ्यांनी जाड होते?" आणि त्यांनी पुढच्या पेशंटला हाक मारली. अजूनही कधीतरी मी त्या फिल्म्स खिडकीशी धरतो. ती जाड नळी दिसायला ट्यूबलाइटसुद्धा लागत नाही.