उत्तरपत्रिकेवरचा श्रीकार

मी ज्या पाठशाळेत शिकलो, तिथे कोऱ्या पाटीवर श्रीकार उमटवल्याशिवाय दुसरे अक्षर लिहिण्याची मुभा नव्हती. गुरुजींचे म्हणणे साधे होते: अक्षर हे आपले नव्हे, ते मिळालेले आहे, म्हणून देणाऱ्याचे नाव आधी. हा संस्कार इतका खोल गेला की पुढे वाणसामानाची यादी असो वा रजेचा अर्ज, माझा हात आधी माथ्यावर श्री लिहीतसे आणि मगच खाली उतरत असे. या सवयीचे मला कधी ओझे वाटले नाही. वयाच्या पंचेचाळिशीत मात्र तिच्यापायी माझी पदवी, आणि पदवीच्या आधारावर उभी असलेली नोकरी, दोन्ही जाण्याच्या बेतात आल्या. ती हकिगत शांत चित्ताने सांगण्याचा प्रयत्न करतो. पण काही कार्यालयांच्या पायऱ्या आठवल्या की आजही माझा जप चुकतो.

मारेगावच्या एका सहकारी जिनिंग-प्रेसिंग संस्थेत मी लेखनिक होतो. कापसाच्या बंड्या, म्हणजे बैलगाड्या, काट्यावर लागत, वजन होई, सरकी निघे, रुईच्या गाठी बांधल्या जात, आणि या सर्वांचा हिशेब माझ्या हातून जाई. व्यवस्थापक निवृत्त झाल्यावर त्यांचेही काम माझ्याकडे आले, परंतु पद आले नाही. नावामागे ‘प्रभारी’ हा शब्द तेवढा चिकटला. मग कापसाचे वाईट दिवस सुरू झाले. ज्या आवारात हंगामात कापसाच्या गंजीपुढे माणूस दिसत नसे, तिथे गवत वाढले आणि त्यात कोणाच्या तरी बकऱ्या निर्धास्त चरू लागल्या. संचालक मंडळाने खर्च कमी करण्याचा ठराव केला. लेखनिकाचे पद रद्द झाले. व्यवस्थापकाचे पद राहणार होते, मात्र त्यावर वाणिज्य किंवा व्यवसाय व्यवस्थापनाचा पदवीधरच नेमावा, अशी अट आली.

संस्थेचे अध्यक्ष कापूस आणि तुरीचे मोठे शेतकरी होते. ते मला महाराज म्हणत. माझ्या टेबलासमोर बसून, टोपी गुडघ्यावर ठेवून ते म्हणाले, “महाराज, मी तं तुमच्याच बाजूनं बोललो. पन वरूनच कागद आला, त्याले मी काय करू? डिग्री पाह्यजे म्हन्ते. तुमच्यापाशी काहीच नाही काय?”

“संस्कृत घेऊन कलाशाखेची दोन वर्षे पुसदला झाली आहेत. वडील गेले म्हणून तिसरे राहिले. पुढे सहकाराची पदविका केली.”

“मंग रडता कायले? दोन भाकरी झाल्या, एक थापाची राह्यली. पुढच्या खरेदीच्या मुहूर्तापर्यंत मी कोनाले त्या खुर्चीवर बसू देत नाही. त्याच्याबाद माह्या हातात नाही.”

अशी मुदत ठरली. पुढच्या दिवाळीच्या सुमारास होणाऱ्या मुहूर्तापूर्वी पदवी, नाहीतर घर. आणि घर म्हणजे संस्थेच्या आवारातील त्या दोन खोल्या, ज्या नोकरीबरोबरच जाणार होत्या.

नोकरदारांना घरी राहून शिकू देणारे एक विद्यापीठ होते. तेथे पूर्वी केलेला अभ्यास श्रेयांकांच्या रूपाने नव्या पदवीत जमा होत असे, आणि शुल्क उरलेल्या विषयांचेच भरावे लागे. माझ्या पगारात बसेल असा तो एकच मार्ग होता. श्रेयांक हा शब्दही मला प्रथमदर्शनी आवडला. माणसाने केलेले अध्ययन वाया जात नाही, कुठेतरी जमा राहते, हे तर आमच्या गुरुजींचेही मत होते. गुरुजींच्या मतात फक्त समकक्षता समिती नव्हती.

या समितीने माझ्या पुसदच्या दोन वर्षांचा मूळ अभ्यासक्रम मागितला. मी पुसदला गेलो. महाविद्यालयातील बाबूंनी माझ्याकडे अशा करुणेने पाहिले, जसे वाट चुकलेल्या गाईकडे पाहावे. वाळवी लागलेल्या कपाटाकडे बोट दाखवून ते म्हणाले, “काका, तवाचा अभ्यासक्रम उधईनं कवाच खाल्ला. तिलेच आता पदवी द्या म्हना.” दुसऱ्या खेपेस प्राचार्य गावी नव्हते. तिसऱ्या खेपेस भेटले आणि त्यांनी विचारपूर्वक एक दाखला दिला, की सदर विषयांचा अभ्यासक्रम त्या काळी अस्तित्वात होता. मी तो संकोचानेच पाठवला. समितीने तो आनंदाने स्वीकारला. त्यांना अभ्यासक्रम नको होता, कागद हवा होता. हे कोणी आधी सांगितले असते तर माझे दोन प्रवास वाचले असते.

समितीचा निर्णय आला तेव्हा मी तो देवापुढे ठेवून उघडला. अर्थशास्त्रात सूट मिळाली होती, ज्यातले मला आता मागणी आणि पुरवठा याखेरीज काही आठवत नव्हते. हिशेबशास्त्रात पदविकेमुळे मिळाली. भाषेत मात्र नाकारली होती. संस्कृतचा अभ्यास व्यवसायोपयोगी आढळत नसल्याने परीक्षार्थीने ‘व्यावसायिक संवाद’ हा विषय नव्याने घ्यावा, असे त्यात लिहिले होते. जे मी विसरलो होतो ते त्यांनी जमा धरले, आणि ज्यावर आयुष्यभर माझा श्वास चालला ते बाद केले. मी निर्णयपत्राची घडी घातली, दिवा सारखा केला आणि पूजा नेहमीसारखीच उरकली. पत्नीने मात्र स्वयंपाकघरातून विचारले, “आज घंटा इतकी जोरात का वाजली?”

वर्षभर दर रविवारी पहाटेच्या एसटीने मी यवतमाळच्या अभ्यासकेंद्रात जात असे. वर्गात जवळच्या लोहारा औद्योगिक वसाहतीतील तरुण कामगार असत, एक परिचारिका असे, आणि मी. शिकवणारे प्राध्यापक माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी लहान होते. मला प्रश्न विचारताना ते उभे राहत, आणि ते उभे आहेत म्हणून मीही उभा राही, त्यामुळे उत्तराला वेळ लागे. तो काळ वाईट गेला असे मी म्हणणार नाही. विद्यार्थी होणे कोणत्याही वयात मंगलच असते. चिडचिड होई ती पुस्तकांमुळे. त्यांत बाजारपेठ नावाची एक समंजस बाई असे, जी भाव पडला की उत्पादन कमी करी आणि भाव चढला की वाढवी. आमच्या आवारात येणारा माणूस पेरणी आषाढात करी आणि भाव त्याला दिवाळीनंतर कळे, याची तिला वार्ता नव्हती. परीक्षेत मी तिच्याच बाजूने लिहिले.

परीक्षा उन्हाळ्यात झाली. प्रत्येक उत्तरपत्रिका हाती येताच मी डोळे मिटले, गुरूंचे स्मरण केले, आणि पहिल्या पानाच्या माथ्यावर ठसठशीत श्री लिहून उत्तरास आरंभ केला. संवादाच्या पेपरात, कार्यालयासाठी मागवलेल्या खुर्च्या मोडक्या निघाल्याबद्दल पुरवठादारास तक्रारपत्र लिहायचे होते. मी ते इतक्या नम्रतेने लिहिले की वाचणाऱ्यास खुर्च्या मीच मोडल्या असे वाटावे. तरी पेपर चांगले गेले.

श्रावणात निकाल लागला. माझ्या नावासमोर गुण नव्हते. ‘निकाल राखीव’ एवढेच होते. मागोमाग पत्र आले: आपल्या सर्व उत्तरपत्रिकांवर ओळख पटवणारी खूण आढळली असून हा गैरप्रकार आहे; सुनावणीस हजर राहावे. उत्तरपत्रिकेच्या मागील बाजूस बारीक अक्षरांत सूचना होती म्हणे, की नाव, देवतेचे नाव अथवा कोणतेही चिन्ह लिहू नये. देवतेचे नाव अपराधांच्या यादीत असेल, हे माझ्या स्वप्नातही आले नव्हते. त्यामुळे त्या यादीकडे मी पाहिलेच नव्हते.

पत्नीने पत्र वाचले. “लहानपणी श्री लिहिली नाही म्हणून छडी खाल्लीत,” ती म्हणाली, “आणि आता लिहिली म्हणून खाताय. देवाने तरी तुमच्याशी कसे वागायचे?” मग थोड्या वेळाने, भाजी निवडता निवडता, आवाज खाली आणून म्हणाली, “खोल्या सोडायच्या झाल्या तर तुळस नेता येईल ना हो? ती जमिनीत आहे.”

भाद्रपदात सुनावणी झाली. दूरचा प्रवास, लांब व्हरांडा, आणि आत तीन जण: समितीप्रमुख प्राध्यापक, एक प्राध्यापिका, आणि टिपण घेणारे अधिकारी. प्रमुखांनी माझ्या उत्तरपत्रिका पुढे मांडल्या. एकाखाली एक, सर्वांच्या माथ्यावर श्री. मला त्या पाहून बरे वाटले, हे त्या प्रसंगी शोभणारे नव्हते.

“ही खूण कोणाला ओळख पटावी म्हणून केलीत?” प्रमुखांनी विचारले.

“ज्याला ओळख पटावी म्हणून लिहितो,” मी म्हणालो, “तो आपल्या परीक्षकांत नसावा.”

टिपण घेणारे अधिकारी लिहिता लिहिता मोठ्याने पुटपुटले, “खूण... ओळखीसाठीच... केल्याचे... मान्य.”

“साहेब, मी तसे म्हणालो नाही.”

“म्हणालात की. ओळख पटावी म्हणून लिहितो, हेच म्हणालात. परीक्षक बाहेरचा आहे, हेही सांगितलंत.”

मी तिन्ही मुखांकडे पाहिले. माझ्या इतक्या वर्षांच्या वाक्साधनेचे फळ त्या टिपणात उतरत होते. व्यावसायिक संवादात मला सूट न देण्यात समितीची चूक नव्हती, असे त्या क्षणी वाटले.

प्राध्यापिका बाई मध्ये पडल्या. “काका, तोंडी राहू द्या. हा कोरा कागद घ्या, आणि हे सवयीने झालं की मुद्दाम, तुमच्या शब्दांत लेखी खुलासा द्या. आम्ही तेवढाच धरू.”

मी कागद घेतला. टेबलाच्या कोपऱ्यावर सरळ केला. माझ्या डोळ्यांसमोर जमिनीत रुजलेली ती तुळस होती, आणि मनात खुलाशाचे पहिले वाक्य जुळत होते: मी कोणतीही खूण हेतुपूर्वक केलेली नाही. ते लिहिले, पुढची चार वाक्ये लिहिली, सही केली आणि कागद बाईंच्या हाती दिला.

त्यांनी तो पाहिला. मग प्रमुखांसमोर धरला. प्रमुखांनी चष्मा काढला, डोळे चोळले आणि म्हणाले, “काका, पुन्हा?”

माथ्यावर श्री होती. ती केव्हा उमटली, हे मला खरोखर माहीत नव्हते. मी ती खोडायला हात पुढे केला. पण बाई हसू आवरत टिपणाऱ्या अधिकाऱ्यांना म्हणाल्या, “लिहा आता. सवय असल्याचे समितीसमक्ष सिद्ध झाले.”

प्रकरण तिथे संपायला हवे होते. परंतु अधिकाऱ्यांनी नियमावली उघडली आणि सांगितले की गैरप्रकाराचे प्रकरण निकाली काढताना किमान एक पेपर रद्द करावाच लागतो. रद्द पेपरांच्या रकान्यात शून्य लिहिण्याची तरतूद नाही. प्रमुख वैतागले. बाई वैतागल्या. शेवटी प्रमुखांनी मलाच विचारले, “तुम्हीच सांगा, कोणता रद्द करू?”

गुन्हेगाराला शिक्षा निवडू देणारे ते न्यायालय मी आजही विसरलेलो नाही. मी म्हणालो, “व्यावसायिक संवाद. त्यात मला सूट हवीच होती.” त्यांनी तो रद्द केला, बाकीचे गुण मोकळे केले, आणि दिवाळीनंतर फेरपरीक्षा द्या म्हणून सांगितले.

दिवाळीनंतर म्हणजे मुहूर्तानंतर. मी अध्यक्षांना तसे सांगितले तेव्हा त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. मग म्हणाले, “पाहू. यंदा मुहूर्त तरी कुठं टायमावर होऊन राह्यला?” आणि तसेच झाले. भावाचा निर्णय होईना, खरेदीचा आदेश येईना. बंड्या आमच्या फाटकावरून परत फिरून खासगी व्यापाऱ्यांकडे जात. मी खिडकीतून त्या पाहत असे. प्रत्येक दिवसाचा उशीर माझ्या पथ्यावर पडत होता, आणि तो तसा पडावा अशी प्रार्थना मात्र माझ्याने होत नव्हती. त्या आठवड्यांत मी देवाजवळ काहीच मागितले नाही.

फेरपरीक्षेला उत्तरपत्रिका पुढे आली आणि माझा हात थांबला. वर्ग लिहू लागला. मी कोऱ्या माथ्याकडे पाहत राहिलो. पर्यवेक्षक दोनदा जवळून गेले. अखेरीस मी लेखणी खाली ठेवली, उजव्या हाताच्या कोरड्या बोटाने बाकाच्या लाकडावर श्री काढली, जी कोणत्याही नियमाला दिसणार नव्हती, आणि मग उत्तरे लिहिली. या वेळी पुरवठादाराला मी स्पष्ट शब्दांत खडसावले. त्रासाचा एवढा साठा माझ्याजवळ होता की पुरवण्या घ्याव्या लागल्या.

निकाल मार्गशीर्षात आला. उत्तीर्ण. गुणपत्रक अध्यक्षांच्या हाती दिले, त्यांनी ते उलटे धरले, सुलटे केले, आणि मंडळाच्या बैठकीत ‘प्रभारी’ हा शब्द काढून टाकला. पुढच्याच गुरुवारी खरेदी सुरू झाली.

मुहूर्ताच्या दिवशी पहिल्या बंडीचे बैल ओवाळायचे, नारळ फोडायचा, आणि व्यवस्थापकाने काट्याच्या लोखंडी पाट्यावर कुंकवाने श्री लिहायची, अशी आमच्याकडे रीत आहे. प्रभारी असताना तो मान अध्यक्षच घेत. त्या दिवशी त्यांनी कुंकवाची वाटी माझ्यापुढे केली.

“लिवा महाराज,” ते म्हणाले, “इथं कोनी तुमचा निकाल रोखून नाही ठेवत.”

माणसे हसली. बंडीवाला बैलांना आवरत थांबला होता. मी बोट कुंकवात बुडवले, पाट्यावर वाकलो. आणि लिहिण्याआधी, काय झाले कोणास ठाऊक, मागे वळून एकदा पाहून घेतले.