तेरेसाची कव

पाचूबंदरच्या समुद्राचा सातबारा म्हाताऱ्या सॅन्टन नाखव्याच्या डोक्यात होता. डोल जाळं बांधायला कोळी समुद्राच्या तळात खुंट ठोकतात. त्या जागेला कव म्हणतात, आणि कुठली कव कुठल्या घराची हे कुठल्याच कचेरीत लिहिलेलं नाही. आजा बापाला सांगतो, बाप पोराला. दोन घरांचं सांगणं जुळेनासं झालं की माणसं सॅन्टनकडे यायची. तो आधी त्यांना चहा पाजायचा आणि मग दोघांतल्या एकाला म्हणायचा, "तुझ्या बापानं ती कव दोन सालं सोडली व्हती. इसरलास?"

बापाने ती सोडली असो वा नसो. ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत, त्याच्या बाजूला सॅन्टनची आठवण झुकायची. हे सगळ्या गावाला ठाऊक होतं, पण उद्या आपल्यावरही पाळी येईल म्हणून कुणी तोंड उघडत नव्हतं. झाकली मूठ सव्वा लाखाची. कायदेपंडित याला न्याय म्हणणार नाहीत. न म्हणेनात बापडे, त्या न्यायाने गावात कधी कुणाचं डोकं फुटलं नव्हतं.

दोन वर्षांपूर्वी अश्लेषा आली. अरबी समुद्राच्या काठाने बंदरं आणि भराव वाढत चालले, सत्ता बदलल्या, कायदे बदलले, त्यात कोळ्यांच्या जुन्या रिवाजांचं काय झालं याचा ती मुंबईच्या एका संस्थेसाठी अभ्यास करत होती. पोरगी गुणी. बोंबलांच्या वासाला नाक न मुरडता दिवसदिवस ते वाळवायच्या वलांडीखाली बसायची आणि पानात पडेल ते खायची.

"काका, कागद नाही म्हणून सरकार म्हणतं समुद्र कुणाचाच नाही," ती म्हणाली. "आपण सगळ्या कवी नकाशावर आणू. मग भराव टाकायच्या आधी त्यांना तुम्हाला विचारावं लागेल."

सॅन्टनला ते पटलं. कुणालाही पटलं असतं. मग तिने नियमाप्रमाणे एक कागद वाचून दाखवला, "तुमचं नाव कुठेही येणार नाही. तुम्ही सांगाल ते गुप्त राहील."

आणि इथे म्हातारा फसला. आयुष्यात असा भरवसा त्याला एकाच ठिकाणी मिळाला होता, देवळात, फादरपुढे पापनिवेदनाच्या जाळीपाशी. तिथे सांगितलेलं तिथेच मरतं. संशोधनात नाव तेवढं लपवतात, गोष्ट छापतात, हे त्याला कोण सांगणार? आणि तो काय समजून बसलाय हे त्या पोरीला तरी कसं कळावं?

त्याने सगळ्या कवी सांगितल्या. शेवटी तीस वर्षं पोटात ठेवलेली एक गोष्टही सांगितली.

तेरेसाचा नवरा समुद्रात बुडाला तेव्हा तिचा धाकटा ऑस्टिन पाळण्यात होता. नवरा दुसऱ्याच्या होडीवरचा खलाशी, त्याची स्वतःची कव कुठून असणार? त्याच महिन्यात सेबेस्टियनचा बाप वारला. त्याच्या दोन कवी होत्या. सॅन्टनने गावापुढे शपथेवर सांगितलं, की सेबेस्टियनच्या बापाने त्यातली एक तेरेसाच्या नवऱ्याला आपल्यादेखत देऊन टाकली होती. साफ खोटं. सेबेस्टियन तेव्हा कोवळा होता, त्याने मान खाली घातली. तेरेसानेही ते खरं मानलं. फादरला मात्र सॅन्टनने हे पाप कधीच सांगितलं नाही, कारण फादर म्हणाला असता, ज्याचं त्याला परत कर. अश्लेषा तसं काही म्हणणार नव्हती. तिने डोळे पुसले आणि लिहून घेतलं.

अश्लेषाच्या अभ्यासाची वही छापून आली. मराठी प्रत मच्छीमार संस्थेत पोचली. त्यात नकाशा होता, कवींना आकडे होते, आणि एका पानावर 'एका वयोवृद्ध नाखव्याने विधवेसाठी दिलेली साक्ष' होती. अश्लेषाने कौतुकानेच लिहिलं होतं, की रिवाजाच्या कायद्याला दयामाया असते. नाव कुणाचंच नव्हतं. पण पाचूबंदरात समुद्रात नवरा गमावलेली, तेव्हा पाळण्यातल्या पोराची आई असलेली आणि अमुक आकड्याच्या कवीवर जाळं बांधणारी बाई दुसरी कोण असणार?

त्याच हिवाळ्यात सरकारी कचेरीने कवींची यादी मागितली आणि या वहीला पुरावा मानायचं कबूल केलं. अश्लेषाची मेहनत फळाला आली होती. मच्छीमार संस्थेची सभा भरली, तिथे सेबेस्टियन ते पान घेऊन उभा राहिला.

"तेरेसाशी माझं वैर नाय," तो म्हणाला. "पन माझी एक कव भरावाखाली चालली. तेरेसाकडची दुसरी माझ्याच बापाची हाय, असं हितं लिवलंय. मी काय करू?"

त्याचं तरी काय चुकलं? त्याच्याही घरी खाणारी तोंडं होती. आपलेच दात आणि आपलेच ओठ.

संस्थेचा चेअरमन श्रीरंग सॅन्टनकडे वळला. "सॅन्टनदादा, ह्ये खरं का खोटं? खोटं म्हनालास तं ही वहीच खोटी. मग कोनाचीच कव कागदावर येत नाय."

समोर चाळीस होड्यांची माणसं बसली होती. भिंतीशी तेरेसा होती, तिच्या शेजारी ऑस्टिन. सॅन्टनने घसा खाकरला. आजवर त्याला कुणासाठी तरी खोटं बोलता आलं होतं. आज ती सोय उरली नव्हती.

"खरं हाय," तो म्हणाला.

ऑस्टिन ताडकन उठला. तेरेसाने त्याच्या मनगटाला धरून त्याला खाली बसवलं आणि ती स्वतः उभी राहिली. तिचा आवाज चढला नाही.

"ही तुमच्या बापाची कव, त्याची लाज राखा, असं सांगून मी पोरं वाढवली. दर साली खुंट ठोकायच्या आदी त्याच्या नावानं देवळात मिस्सा सांगितला. तीस सालं तू माझ्या घरात जेवलास, सॅन्टनदादा. मला कदी बोलला नाय. त्या पोरीला सांगितलंस."

"मला वाटलं," सॅन्टन म्हणाला, "तिला सांगितलेलं कुटं जायाचं नाय."

"आनि मला सांगितलेलं कुटं गेलं असतं?"

 तेरेसा ऑस्टिनला घेऊन बाहेर पडली. श्रीरंगने तिच्या नावावर रेघ मारली, वर सेबेस्टियनचं नाव लिहिलं, आणि यादीतलं पुढचं नाव वाचायला घेतलं.